गर्दी आणि गिऱ्हाईक

दक्षिण दिल्लीच्या मालवीय नगरात, हनुमान मंदिरासमोर, कांताप्रसाद आणि त्यांच्या पत्नी बादामीदेवी १९९० पासून एक छोटा ढाबा चालवत होते. सकाळी साडेसहाला कामाला लागायचे आणि साडेनवापर्यंत डाळ, भात, पराठे, मटर पनीर तयार ठेवायचे. २०२० साली टाळेबंदी आली, आसपासची कामे थांबली आणि पातेली भरलेलीच राहू लागली. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला गौरव वासन या यूट्यूबरने तिथे एक व्हिडिओ केला. ‘आज किती कमाई झाली?’ असे त्याने विचारल्यावर ऐंशीच्या घरातल्या कांताप्रसादांनी डब्यातून दहा-दहाच्या काही नोटा काढून दाखवल्या आणि ते रडू लागले. तो व्हिडिओ ट्विटरवर गेला, सिनेनट आणि क्रिकेटपटूंनी पुढे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी ‘बाबा का ढाबा’समोर रांग लागली. आमदार आले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या, झोमॅटोने ढाब्याचे नाव यादीत घातले, कंपन्यांनी आपापले फलक आणून टांगले. देशभरातून मदतीचे पैसे आले.

समाजमाध्यमांनी एका दिवसात धंदा कसा उभा केला, याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. मला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

डिसेंबर २०२० मध्ये कांताप्रसादांनी मालवीय नगरातच रेस्टॉरंट काढले. सुमारे पाच लाख रुपये घातले. भाडे महिना ३५ हजार, तीन कामगारांचे पगार मिळून ३६ हजार, वीज-पाण्याचे १५ हजार. म्हणजे किराणा भरायच्या आधीच ८६ हजार गेले. तो धरला की खर्च लाखाच्या आसपास पोचायचा. विक्री मात्र फार तर ४० हजारांपर्यंत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेस्टॉरंट बंद झाले आणि दोघे पुन्हा जुन्या ढाब्यावर आले. कांताप्रसादांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, दुसऱ्या लाटेतल्या टाळेबंदीआधी तिथला रोजचा गल्ला साडेतीन हजारांच्या घरात होता, नंतर तो हजारावर आला. दरम्यान, आलेल्या देणग्यांच्या हिशेबावरून त्यांनी वासनविरुद्ध पोलिसांत तक्रार केली होती. वासन यांनी आरोप नाकारले, आणि जून २०२१ मध्ये कांताप्रसादांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडून त्यांची माफी मागितली. त्याच महिन्यात त्यांना सफदरजंग रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यातून ते सुखरूप बाहेर आले.

या साऱ्यात दोष कोणाचा, हे शोधत बसण्यात मला रस नाही. माझा प्रश्न साधा आहे. लाखो लोकांनी ज्याला पाहिले, त्या माणसाचे रेस्टॉरंट दोन-अडीच महिन्यांत का बुडाले?

पाहणारे लाखो लोक मालवीय नगरात राहत नव्हते, हे त्याचे पहिले कारण. कोची, गुवाहाटी किंवा कोल्हापुरात बसून ज्याचे डोळे ओलावले, तो मंगळवारी दुपारी दोन वाजता तिथे डाळ-भात खायला येणार नाही. जे दिल्लीकर आले, त्यातले बरेच एकदा येऊन, फोटो काढून, पैसे देऊन गेले. त्यांनी एका वृद्ध जोडप्याला आधार दिला, आणि ते चांगलेच केले. पण रोजच्या जेवणाची त्यांची सोय दुसरीकडे लागलेली होती. ढाब्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे आसपासचा मजूर, रिक्षावाला, ऑफिसातला शिपाई. तो टाळेबंदीने घरी बसला होता, आणि त्याला परत आणण्याची ताकद कोणत्याच व्हिडिओत नव्हती. दुसरे कारण असे की व्हिडिओ ढाब्याच्या मालकाचा नव्हता. चॅनेल दुसऱ्याचे, फॉलोअर दुसऱ्याचे. व्हिडिओ पाहून हळहळलेल्या माणसाला महिन्याभराने ‘आज राजमा केलाय, या’ असे सांगायला कांताप्रसादांकडे काही साधनच नव्हते.

आता पश्चिम दिल्लीत जाऊ. टिळक नगरच्या जवळ फतेह नगर नावाची वस्ती आहे. तिथे जस्मीन कौर यांचे सूटचे दुकान. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या लाइव्ह विक्रीतला एक तुकडा उचलला गेला आणि ‘जस्ट लुकिंग लाइक अ वॉव’ हे त्यांचे बोल घरोघर पोचले. दीपिका पदुकोणने त्यावर रील केले. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या यशराज मुखातेने, ज्याने २०२० साली ‘रसोडे में कौन था’ गाजवले होते, त्या बोलांना चाल लावली. लोक हसले, नक्कल झाली. पण त्या व्हिडिओत प्रत्यक्ष चालले काय होते, ते नीट पाहा. एक बाई कापड हातावर पसरते. रंगाचे नाव सांगते, आणि ते नावही असे की ऐकल्यावर रंग डोळ्यांपुढे उभा राहावा: लड्डू पीला, माऊस कलर. पडद्यावरचा रंग आणि प्रत्यक्षातला रंग यांत फरक पडतो, म्हणून ऑनलाइन कापड घेताना बाईच्या मनात जी शंका असते, तिलाच हे उत्तर आहे. चांगला विक्रेता काउंटरवर जे करतो तेच त्या फोनसमोर करत होत्या, आणि जगाने पाहायच्या आधीपासून करत होत्या.

म्हणून गर्दी आली तेव्हा तिला उभे करायला त्यांच्याकडे जागा होती. दुकानाचे स्वतःचे खाते होते, माल होता, भाव ठरलेले होते, आणि सूट कुरिअरने कुठेही जाऊ शकत होता. नाशिकच्या बाईला आवडला तर नाशिकला. मटर पनीर नाशिकला जात नाही. समाजमाध्यमांवर धंदा वाढवायला निघालेल्या माणसाने सर्वांत आधी हेच विचारावे: मी जे विकतो ते किती लांब जाऊ शकते? माल पिन कोडच्या बाहेर जाणार नसेल, तर पिन कोडबाहेरचे दहा लाख डोळे काय कामाचे? इन्स्टाग्रामचे रील मुळात अनोळखी लोकांपुढे जाण्यासाठीच बनलेले आहे. तुमचा फॉलोअर नसलेल्यापर्यंत ते पोचते, हीच त्याची ताकद. पण तो माणूस कुठे राहतो याची काळजी ते करत नाही. ती काळजी दुकानदारानेच करायची आहे: मथळ्यात वस्तीचे नाव घालायचे, बोलताना जवळचे मेट्रो स्टेशन सांगायचे, गुगलच्या नकाशावर दुकान नोंदवायचे. ढाबेवाल्यासाठी नकाशावरची ती नोंद आणि तिच्याखालचे शंभर खरे अभिप्राय एखाद्या गाजलेल्या रीलपेक्षा मोलाचे आहेत.

हे सगळे दिल्लीत सर्वांत आधी कोणी ओळखले असेल, तर चांदनी चौकाने. किनारी बाजार, नई सडक, कटरा नील इथल्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे कापडवाले बसले आहेत. करोनाच्या काळात लग्ने थांबली नाहीत, फक्त खरेदीला येणारी कुटुंबे थांबली. तेव्हा पांढऱ्या गादीवर बसून लेहंगे उलगडणाऱ्या दुकानांत रिंग लाइट आला. आज ही विक्री कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. एक पोरगा फोन धरून उभा, दुसरा लेहंग्याचा घेर पसरतो, तिसरा आतली बाजू उलटी करून अस्तर आणि शिलाई दाखवतो. प्रत्येक नगाला नंबर. ‘स्क्रीनशॉट लेके व्हॉट्सॲप कर दो’ हे वाक्य दर दोन मिनिटांनी. मग व्हिडिओ कॉल. मुलगी पुण्यात, आई जळगावात, मावशी न्यू जर्सीत, आणि तिघींना एकाच वेळी एकच लेहंगा दाखवला जातो. घासाघीस होते, ॲडव्हान्स यूपीआयने येतो. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, नाहीतर तक्रार ऐकून घेणार नाही, असे बजावून सांगितले जाते.

त्याच्या जोडीला व्लॉगर आले. चांदनी चौक, सदर बाजार, गांधी नगर इथल्या घाऊक मालाचे व्हिडिओ ही यूट्यूबवरची एक स्वतंत्र दुनिया आहे, आणि ‘सिंगल पीस भी मिल जाएगा’ हा तिचा परवलीचा शब्द. यातले बरेच व्हिडिओ दुकानदाराने पैसे देऊन करून घेतलेले असतात. त्यात गैर काही नाही. वर्तमानपत्रातली जाहिरातही पैसे देऊनच छापली जाते. गैर आहे ते लपवणे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत स्पष्ट नियम घालून दिले: पैसे, फुकट वस्तू, सहल, सवलत, काहीही मिळाले असेल तर ते ठळकपणे सांगितले पाहिजे, मजकुराच्या गर्दीत दडवून चालणार नाही. फसव्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुढच्या खेपेस ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. याआधी जाहिरात क्षेत्राच्याच एएससीआय या संस्थेने २०२१ साली अशी आचारसंहिता आणली होती. नियम आहेत. पण गल्लीतल्या छोट्या व्लॉगरपर्यंत ते पुरेसे पोचलेले नाहीत, आणि ज्याच्यापर्यंत पोचले तोही ‘जाहिरात’ हा शब्द शेवटच्या ओळीत टाकतो. यात दुकानदाराचेच नुकसान आहे. पैसे घेऊन केलेली स्तुती उघडी पडली की पुढची खरी स्तुतीही कोणी मानत नाही.

या बाजाराला आणखी एक रोग लागला आहे. चांगल्या दुकानाचे रील उचलायचे, मिळत्याजुळत्या नावाचे खाते काढायचे, अर्ध्या भावात माल दाखवायचा, ॲडव्हान्स घ्यायचा आणि नंबर बंद करायचा. गिऱ्हाईक फसते आणि शिव्या मूळ दुकानाला बसतात. म्हणून जुने दुकानदार आता प्रत्येक व्हिडिओत दुकानाची पाटी, गल्लीचे नाव आणि एकच फोन नंबर दाखवतात. महाराष्ट्रातून दिल्लीचा माल मागवणाऱ्याने निदान इतके करावे: पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल लावून दुकानाची पाटी दाखवायला सांगावी. खरा दुकानदार दाखवतो.

वडापावचा विषय निघाल्याशिवाय मराठी माणसाचा दिल्लीवरचा लेख पुरा होत नाही, आणि इथे तर तो काढायला सबळ कारण आहे. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास सुरू केलेला हा पदार्थ २०२४ साली दिल्लीत गाजला, तो एका इंदूरच्या बाईमुळे. चंद्रिका दीक्षित हल्दीरामची नोकरी सोडून पतीबरोबर पीतमपुऱ्याजवळच्या सैनिक विहारमध्ये वडापावचा गाडा लावू लागल्या. फूड व्लॉगरांनी त्यांना उचलले. पालिकेच्या त्रासाबद्दल त्या कॅमेऱ्यासमोर रडल्या, त्याचाही व्हिडिओ झाला. रांगा वाढल्या, रस्ता अडला, तक्रारी झाल्या. मे महिन्यात मंगोलपुरीत पोलिसांनी त्यांना ठाण्यात नेले, अटक मात्र केली नाही. जूनमध्ये त्या ‘बिग बॉस ओटीटी’च्या तिसऱ्या पर्वात दिसल्या.

त्यांच्या हिमतीबद्दल मला आदर आहे. रस्त्यावर उभे राहून दोन वेळचे कमावणे सोपे नाही, आणि बाईसाठी तर नाहीच. पण त्यांच्या बाबतीत प्रसिद्धी वड्याकडून विकणारीकडे सरकली. लोक वडापाव खायला नव्हे, तर ‘वडापाव गर्ल’ आज कोणाशी भांडते ते पाहायला येऊ लागले. अशा गर्दीला दर आठवड्याला नवे काहीतरी लागते, आणि ते चव देऊ शकत नाही, तमाशाच देऊ शकतो. नागपूरच्या सदरमधल्या डॉली चायवाल्याचा प्रवासही त्याच वाटेवरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्सने त्याच्या हातचा चहा घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याने फ्रँचायझी जाहीर केली. दुधाची धार उंचावरून सोडायची त्याची लकब एकच आहे. शंभर दुकानांत ती कोण करणार? तिथे चांगला चहाच लागेल.

गाड्याच्या गोष्टीत कायद्याचा भागही आहे, आणि तो बहुतेक व्हिडिओंत सुटतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला हक्क दिला. नगर विक्रेता समितीने पाहणी करायची, प्रमाणपत्र द्यायचे, जागा ठरवायची. दिल्लीत हे काम रखडत चालले आहे. प्रमाणपत्र हातात नसलेल्या गाड्यावर पाचशे माणसांची रांग आणणे म्हणजे त्या विक्रेत्याला पालिका आणि पोलिसांच्या नजरेत आणणे. व्लॉगर व्हिडिओ करून निघून जातो, दुसऱ्या दिवशी त्याच जागी गाडा लावायचा असतो विक्रेत्याला. भले करायला निघालेल्या प्रत्येक व्लॉगरने कॅमेरा सुरू करण्याआधी एवढे विचारावे: तुमचे कागद झालेत का?

आतापर्यंत सगळे छोट्यांचे बोललो. मोठ्यांचे गणित पाहायला गुरुग्रामला जायला हवे. गझल आणि वरुण अलघ या जोडप्याने २०१६ साली ‘मामाअर्थ’ सुरू केले. आपल्या बाळाच्या नाजूक त्वचेला चालेल असे काही सापडेना, ही त्यांनी सांगितलेली सुरुवात. मोठ्या कंपन्या टीव्हीवर खर्च करत होत्या, तेव्हा यांनी लिहित्या-बोलत्या आयांना शोधले, त्यांना माल वापरायला दिला, त्यांचे ऐकले. पहिली ताकद तिथून आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये होनासा कन्झ्युमर ही त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. तेव्हाच्या कागदांत एक आकडा होता, जो प्रत्येक होतकरू विक्रेत्याने भिंतीवर लावावा. २०२२-२३ मध्ये कंपनीची विक्री सुमारे १,४९३ कोटींची होती आणि जाहिरातीचा खर्च सुमारे ५३० कोटी. रुपयातले पस्तीस पैसे. समाजमाध्यमे फुकट आहेत असे जो सांगतो, त्याला हा आकडा दाखवा. खाते काढणे फुकट असते. लोकांपर्यंत सतत पोचत राहणे फुकट नसते. पैसे नाही मोजले तर वेळ मोजावा लागतो.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२४ मध्ये कंपनीने दुकानांपर्यंत माल पोचवण्याची पद्धत बदलली, मधले मोठे साठेदार कमी केले. न खपलेला माल परत घ्यावा लागला, जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीत सुमारे १९ कोटींचा तोटा झाला आणि नोव्हेंबरात एका दिवसात शेअर वीस टक्क्यांनी पडला. इंटरनेटवर नाव काढलेला माल शेवटी किराणा दुकानाच्या फळीवर आला, आणि तिथला हिशेब वेगळा निघाला. दुकानदार फॉलोअर मोजत नाही. माल किती दिवसांत हलला, उरला तर परत कोण घेणार, एवढेच तो विचारतो.

गुरुग्रामचीच आणखी एक आठवण ठेवली पाहिजे. टिकटॉकचे ऑफिस तिथे होते. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. साताऱ्यापासून सोनीपतपर्यंत हजारो पोरापोरींनी वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षक एका संध्याकाळी नाहीसा झाला. दोन आठवड्यांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, आणि ज्यांच्याकडे आपल्या चाहत्यांना ‘इकडे या’ सांगण्याची दुसरी वाट होती, तेच तगले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. विक्रेत्यासाठी त्यातला अर्थ इतकाच की प्रेक्षक भाड्याच्या घरात राहतो आणि घरमालक कधीही कुलूप लावू शकतो. तेव्हा गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, शहर, काय घेतले, केव्हा घेतले, हे आपल्या वहीत हवे. अर्थात त्याच्या संमतीने, आणि त्याला रोज शुभ सकाळ पाठवून वैताग न आणता.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात मराठी घरे विखुरलेली आहेत. गणेशोत्सव मंडळे आहेत, पहाडगंजातले नूतन मराठी विद्यालय आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन झाले तेव्हा ही सगळी माणसे एका ठिकाणी दिसली. या घरांतल्या कितीतरी बायका सोसायटीच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुरणपोळी, मोदक, दिवाळीचा फराळ विकतात. त्यांच्याकडे रिंग लाइट नाही, त्यांचे एकही रील गाजलेले नाही. पण ज्याला मी गिऱ्हाईक म्हणतो ते त्यांच्याकडे आहे. दोनशे जणांच्या ग्रुपातल्या चाळीस घरांना ठाऊक असते की अमुक काकूंची चकली काटेरी आणि कुरकुरीत असते, आणि अनारसे हवे असतील तर दहा दिवस आधी सांगावे लागते. त्यांना मोठे व्हायचे असेल, तर मी लाखभर फॉलोअरांच्या मागे लागायला सांगणार नाही. पाकिटावर नाव आणि नंबर छापा, बनवल्याची तारीख घाला, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या, भाव उघड लिहा. ‘प्राइस डीएम केली आहे’ हे वाक्य अर्ध्या गिऱ्हाइकांना परत पाठवते. आठवड्यातून एकदाच व्हिडिओ टाका, पण त्यात भाजणी कशी भाजता ते दाखवा, आणि खालच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या. चुकलेल्या ऑर्डरची तक्रार कोणी सगळ्यांसमोर लिहिली, तर सगळ्यांसमोरच भरपाई द्या. त्या एका उत्तराने जी पत वाढते ती कोणत्याही जाहिरातीने वाढत नाही.

आपल्या हातातही काही आहे. रडणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ पुढे पाठवायला एक सेकंद लागतो, आणि आपण काहीतरी केले असे वाटते. त्याऐवजी या दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ, आकाशकंदील, साडी घ्याल, त्यांचा फोटो टाकताना खाली नाव, वस्ती, भाव आणि नंबर त्यांना विचारून लिहा. काय आवडले ते लिहा, नाही आवडले ते आधी त्यांनाच सांगा. आणि तुळशीचे लग्न झाल्यावर, सगळा गाजावाजा ओसरल्यावर, त्याच नंबरवर दुसरी ऑर्डर द्या.